झोप लागता लागता बसणारा झटका आणि निद्रानाश

दिघोरी (जि. भंडारा) : दिवसभराच्या कामाने थकलेला माणूस अंथरुणाला पाठ टेकतो, डोळे मिटतात, विचार विरळ होत जातात आणि नेमक्या त्याच क्षणी उंचावरून कोसळल्याप्रमाणे सारे अंग दचकते. हातपाय झाडले जातात, काळीज धडधडते, झोप उडते. काही मिनिटांनी पुन्हा डोळा लागू लागतो आणि पुन्हा तोच झटका. असे एखाद्या रात्री घडले तर सकाळी त्याची आठवणही राहत नाही. मात्र आठवड्यामागून आठवडे हेच घडू लागले, रात्रीचे दोन-तीन वाजेपर्यंत छताकडे पाहत पडावे लागले, की मग अंथरूणच नकोसे वाटू लागते. संध्याकाळ झाली की रात्रीची धास्ती सुरू होते.

लाखांदूर तालुक्यातील दिघोरी आणि भोवतालच्या झाडीपट्टीत हा त्रास ‘दचकणे’, ‘झटके येणे’ अशा नावांनी ओळखला जातो. कोणी त्याला मिरगीची सुरुवात मानतो, कोणी हृदयविकाराची, तर कोणी बाहेरच्या बाधेची. तिन्ही समज बहुतांश वेळा चुकीचे असतात. या चुकीच्या समजांतून उपजणारी भीतीच पुढे निद्रानाशाला खतपाणी घालते. झटका बहुधा निरुपद्रवी असतो. निद्रानाश मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. या दोहोंतील नाते उमगले तर उपचाराचा अर्धा मार्ग सुकर होतो.

हा झटका म्हणजे काय?

झोप लागण्याच्या उंबरठ्यावर शरीरातील स्नायू अचानक, आपल्या इच्छेविना आकुंचन पावतात, त्या क्रियेला वैद्यकशास्त्रात ‘हिप्निक जर्क’ किंवा ‘स्लीप स्टार्ट’ असे म्हणतात. मराठीत त्यास ‘निद्राझटका’ म्हणता येईल. तो एका सेकंदाहूनही कमी काळ टिकतो. कधी एकच पाय किंवा हात उडतो, कधी संपूर्ण शरीर. सोबत खड्ड्यात पडल्याचा, पायरी चुकल्याचा भास होतो. काहींना डोळ्यांपुढे प्रकाश चमकल्यासारखे किंवा मोठा आवाज झाल्यासारखे वाटते.

अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी १८९० मध्ये या झटक्यांचे वर्णन केले होते. १९५९ मध्ये ब्रिटिश संशोधक इयन ऑस्वाल्ड यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात मेंदूलहरींच्या नोंदींसह त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साठ ते सत्तर टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो, असे मानले जाते. स्त्री-पुरुष, लहान-थोर असा भेद त्यात नाही.

झटका का बसतो, याचे अंतिम उत्तर विज्ञानाला अद्याप गवसलेले नाही. तथापि सर्वसाधारणपणे स्वीकारले जाणारे स्पष्टीकरण असे : मेंदूच्या बुंध्यात जागेपण टिकवून ठेवणारे चेतातंतूंचे जाळे असते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात झोप आणणारे केंद्र असते. झोप लागताना पहिल्याचा जोर ओसरतो व दुसऱ्याचा वाढतो. हा सत्ताबदल नेहमी एकसंध होत नाही. स्नायू सैल पडत असताना जागेपणाचे केंद्र एखादा शेवटचा इशारा देऊन जाते आणि तो स्नायूंपर्यंत पोहोचताच शरीर दचकते. शरीर जितके थकलेले व मन जितके ताणलेले, तितका हा बदल अधिक अडखळत होतो. चहा, कॉफी, तंबाखू, अपुरी झोप, रात्री उशिरापर्यंतचे जड श्रम आणि चिंता ही झटके वाढण्याची ठाऊक असलेली कारणे आहेत.

निद्रानाश केव्हा म्हणावा?

झोप लागण्यास विलंब होणे, मध्येच जाग येऊन पुन्हा झोप न लागणे किंवा पहाटे फार लवकर जाग येणे, या तिन्हींपैकी काहीही आठवड्यातून किमान तीन रात्री व सलग तीन महिने घडत असेल, झोपण्यास पुरेसा वेळ व जागा असूनही ते घडत असेल आणि त्यामुळे दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. प्रौढांपैकी सुमारे दहा टक्के व्यक्तींना तो असतो.

केवळ कमी झोप म्हणजे निद्रानाश नव्हे, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी. ज्याला झोपायला वेळच मिळत नाही, त्याचा प्रश्न वेगळा. निद्रानाशाच्या रुग्णाला वेळ असतो, अंथरूण असते. झोप तेवढी नसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेला विचार आजही मार्गदर्शक ठरतो. त्यांच्या मते निद्रानाशाला तीन प्रकारची कारणे असतात : मुळातील प्रवृत्ती, निमित्त ठरणारी घटना आणि त्रास टिकवून ठेवणाऱ्या सवयी. पीक बुडाले, घरात मृत्यू झाला, कर्जाची नोटीस आली, हे निमित्त. पुढे निमित्त सरते. मात्र त्या काळात जडलेल्या सवयी मागे राहतात. रात्रीची झोप भरून काढण्यासाठी दुपारी दोन तास झोपणे, संध्याकाळी सातलाच अंथरुणावर पडणे, सतत घड्याळ पाहणे, जागे राहण्यासाठी चहा वाढवणे या सवयींनीच निद्रानाश वर्षानुवर्षे तगून राहतो.

दुष्टचक्र

निद्राझटका आणि निद्रानाश परस्परांना पोसतात. झटका बसला की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक उसळते, हृदयाचे ठोके वाढतात. ‘आता पुन्हा बसेल का?’ या प्रतीक्षेत मन सावध होते. सावध मनाला झोप लागत नाही. झोप कमी झाल्याने दुसऱ्या रात्री मेंदू अधिक थकलेला असतो, त्यामुळे झटके वाढतात. झटके वाढले म्हणून भीती वाढते. काही दिवसांत अंथरूण, उशी, मच्छरदाणी आणि दिवा मालवणे या साऱ्या गोष्टी विश्रांतीच्या नव्हे तर धोक्याच्या खुणा बनतात. म्हणूनच अनेक रुग्णांना खुर्चीत बसल्याबसल्या किंवा एस. टी.च्या प्रवासात सहज डुलकी लागते; अंथरुणावर मात्र डोळा लागत नाही. हे चक्र तोडणे हेच उपचाराचे खरे उद्दिष्ट होय.

धानाच्या मुलखातील रात्री

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. लाखांदूर तालुक्याला गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी मिळते. चुलबंद व वैनगंगेच्या काठी पंपांवर उन्हाळी धानही घेतले जाते. या शेतीचा झोपेशी थेट संबंध आहे. कृषिपंपांना वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री वीज देण्यात येत आली. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला आणि अनेक वाहिन्यांवर दिवसा वीज मिळू लागली. तरीही पाण्याच्या पाळीसाठी, बांध्या फुटू नयेत म्हणून आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रात्र शेतात काढण्याचा प्रसंग शेतकऱ्यावर येतोच.

मनुष्याच्या मेंदूत सुमारे चोवीस तासांचे एक घड्याळ असते. ते प्रामुख्याने सूर्यप्रकाशावर जुळवले जाते. या घड्याळाच्या पेशींतील यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका आठवड्यात रात्री जागून दुसऱ्या आठवड्यात रात्री झोपू पाहणाऱ्याचे हे घड्याळ स्थिर होऊच शकत नाही. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणी, जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, गडेगावचा वाहननिर्मिती कारखाना, अशा ठिकाणी पाळीपाळीने काम करणाऱ्या कोणाही कामगाराला हाच नियम लागू पडतो.

दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम रंगतो. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. निरोगी माणसाला एखाद्या रात्रीच्या जागरणाने काही होत नाही. ज्याची झोप आधीच विस्कटलेली आहे, त्याने मात्र लागोपाठच्या रात्री टाळणे श्रेयस्कर. नाटक पाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपून राहिल्यास पुढील रात्रही हातची जाते.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. झोप लागण्यासाठी शरीराच्या आतील तापमान किंचित घटावे लागते. मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, कौलारू व टिनाच्या छताखाली मध्यरात्रीपर्यंत उष्मा साठून राहतो. झोपण्यापूर्वी तासभर आधी साध्या पाण्याने स्नान, ओल्या वस्त्राने हातपाय पुसणे, अंगणात बाजेवर झोपणे हे जुने उपाय शास्त्राला धरूनच आहेत. मात्र जमिनीवर अंथरूण टाकू नये. मण्यार हा विषारी साप रात्रीच फिरतो व जमिनीवर झोपलेल्यांना त्याचा दंश होण्याच्या घटना घडतात. बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी सापाचे भय कमी करते, आणि ते भय कमी होणे हाही झोपेचाच एक उपाय आहे.

खर्रा, चहा आणि दारू

या भागातील निद्रानाशाची चर्चा खर्ऱ्याशिवाय पूर्ण होऊ शकत नाही. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा शेतात, नाक्यावर, बैठकीत सर्वत्र खाल्ला जातो. तंबाखूतील निकोटीन हे उत्तेजक द्रव्य आहे. सुपारीतील अ‍ॅरेकोलीनही चेतासंस्थेला चाळवते. ‘खर्रा खाल्ला की डोके शांत होते’ असा अनुभव सांगितला जातो. ती शांतता म्हणजे वस्तुतः निकोटीनची तलफ भागल्याचा भास असतो. शरीर प्रत्यक्षात अधिक जागे होते. मध्यरात्री रक्तातील निकोटीन घटले की तलफेनेच जाग येते. मुखकर्करोगाचा धोका तर आहेच; परंतु रात्री दचकून उठणाऱ्याने संध्याकाळनंतरचा खर्रा प्रथम बंद करावा, इतके कारण पुरेसे आहे.

चहातील कॅफिन मेंदूतील अ‍ॅडेनोसिन या रसायनाचा मार्ग अडवते. दिवसभर जागेपणी साठत जाणारे अ‍ॅडेनोसिन हीच झोपेची ओढ. कॅफिनचे निम्मे प्रमाण शरीराबाहेर जाण्यास साधारणतः पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल रात्री अकरालाही शिल्लक असतो. निद्राझटक्यांचा त्रास असणाऱ्याने दुपारी दोननंतर चहा-कॉफी वर्ज्य करावी.

मोहाची असो वा दुकानातील, दारू झोप लवकर आणते हे खरे. पण अंमल उतरताच उत्तररात्री झोपेचे तुकडे होतात, घोरणे वाढते, घाम येतो. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास हातपाय थरथरणे, झटके, भ्रम उद्भवू शकतात. ते जीवावरही बेतू शकते. अशा व्यक्तीने दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी.

सारखे वाटणारे, पण वेगळे आजार

प्रत्येक झटका निरुपद्रवी असतोच असे नाही. पुढील अवस्था ओळखणे आवश्यक आहे.

पायांची अस्वस्थता : संध्याकाळी व रात्री पाय स्वस्थ न राहणे, पोटऱ्यांत किडे वळवळल्यासारखे वाटणे, चालल्यावर बरे वाटणे. या ‘रेस्टलेस लेग्ज’ विकाराचे सविस्तर वर्णन स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये केले. शरीरातील लोहाची कमतरता हे त्याचे महत्त्वाचे कारण. गर्भवती स्त्रियांत तो अधिक आढळतो. ग्रामीण स्त्रियांतील रक्तक्षयाचे प्रमाण पाहता हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन ही तपासणी करून घेणे उपयुक्त ठरते.

झोपेतील ठरावीक हालचाल : झोप लागल्यानंतर दर २० ते ४० सेकंदांनी पाय पुनःपुन्हा उडणे. रुग्णाला ते कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला कळते.

अपस्मार अर्थात मिरगी : सकाळी उठल्यावर लगेच हातांना झटके बसून वस्तू हातातून उडणे, जीभ चावली जाणे, अंथरुणात लघवी होणे, झटक्यानंतर बराच वेळ भान नसणे ही लक्षणे निद्राझटक्यात आढळत नाहीत. ती दिसल्यास मज्जाविकारतज्ज्ञांकडे जावे.

श्वास अडकणे : मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि गुदमरून दचकून उठणे हे ‘स्लीप अ‍ॅप्निया’चे लक्षण होय.

स्वप्नानुसार हातवारे : पन्नाशीनंतर पहाटेच्या सुमारास स्वप्नातील मारामारी प्रत्यक्ष करणे, ओरडणे, बाजेवरून पडणे. यास स्वतंत्र तपासणी लागते.

कीटकनाशकाची बाधा : फवारणी करून आलेल्याच्या स्नायूंत फडफड, जोडीला घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, धाप लागणे असे दिसल्यास तो निद्राझटका समजून झोपवून ठेवू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येण्याजोगे नाही.

थायरॉईडचे विकार, मूत्रपिंडाचे आजार, तीव्र वेदना, तसेच नैराश्यावरील काही औषधे यांमुळेही झोप बिघडते किंवा झटके वाढतात. औषध कारणीभूत वाटले तरी ते स्वतःहून थांबवू नये. डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा वेळ बदलून घ्यावी.

झोपेच्या गोळ्यांचा प्रश्न

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या भारतात १ मार्च २०१४ पासून ‘अनुसूची एच-१’ मध्ये समाविष्ट आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्या विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद औषध दुकानदाराला स्वतंत्र वहीत ठेवावी लागते. या कठोरतेमागे कारण आहे. काही आठवड्यांच्या नियमित सेवनाने शरीर या गोळ्यांना सरावते. तीच मात्रा अपुरी पडू लागते. एकदम बंद केल्यास निद्रानाश दुपटीने परततो, क्वचित मिरगीसारखे झटकेही येतात. वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचा व हाड मोडण्याचा धोका असतो. दारूसोबत घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. झोल्पिडेम घेतल्यावर झोपेतच चालणे, स्वयंपाक करणे, वाहन चालवणे असे प्रकार आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये त्यावर सर्वोच्च दर्जाचा इशारा छापणे बंधनकारक केले.

याचा अर्थ या गोळ्या सर्वथा त्याज्य आहेत असा नव्हे. तीव्र संकटाच्या काळात, अल्प मुदतीसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या उपयुक्त ठरतात. शेजाऱ्याच्या घरातील गोळी मागून खाणे मात्र सर्वस्वी अनुचित. जो अनेक महिने गोळ्या घेत आहे, त्यानेही त्या टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांनी आखून दिलेल्या क्रमानेच कमी कराव्यात.

गोळीविना उपचार

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून औषधांऐवजी ‘सीबीटी-आय’ ही विचार व वर्तन बदलणारी पद्धती सुचवली. ती प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ वा समुपदेशकाच्या मदतीने घेणे उत्तम. तिची सूत्रे मात्र घरीही आचरता येतात.

पहिले सूत्र नोंदीचे. दोन आठवडे दिनदर्शिकेच्या रकान्यात अंथरुणावर गेल्याची वेळ, झोप लागल्याचा अंदाज, जाग आल्याची वेळ, चहा-खर्ऱ्याची संख्या आणि झटके लिहावेत. नोंद सकाळी करावी. रात्री घड्याळ पाहू नये.

दुसरे सूत्र अंथरूण फक्त झोपेसाठी वापरण्याचे. १९७२ मध्ये रिचर्ड बुटझिन यांनी मांडलेला हा नियम साधा आहे. झोप आली तरच अंथरुणावर जावे. सुमारे वीस मिनिटांत झोप न लागल्यास उठून दुसऱ्या जागी मंद उजेडात बसावे, कंटाळवाणे काही वाचावे वा जपमाळ ओढावी, आणि पुन्हा झोप दाटून आल्यावरच परत यावे. उठताना पायाखाली टॉर्चचा उजेड पाडावा. मोबाईल हाती घेऊ नये.

तिसरे सूत्र झोपेच्या खिडकीचे. समजा, एखादा माणूस रात्री दहा ते सकाळी सहा असे आठ तास अंथरुणावर असतो आणि प्रत्यक्षात पाच तासच झोपतो. म्हणजे अंथरुणावरील वेळेपैकी ६२ टक्के वेळच कामी येतो. त्याने काही काळ रात्री बारा ते साडेपाच एवढाच वेळ अंथरुणावर काढावा. पहिला आठवडा कठीण जातो, पण झोपेची ओढ साचते व ती सलग लागू लागते. अंथरुणावरील वेळेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वेळ झोप लागू लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवावीत. ही खिडकी पाच तासांखाली कधीही आणू नये. मिरगी, द्विध्रुवी मनोविकार वा श्वास अडकण्याचा आजार असलेल्यांनी, तसेच ट्रॅक्टर, ट्रक व मळणीयंत्र चालवणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

चौथे सूत्र उठण्याच्या वेळेचे. झोप केव्हाही लागो, उठण्याची वेळ एकच ठेवावी आणि उठल्यावर अर्धा तास उघड्या उजेडात घालवावा. ज्यांना रात्री पाणी द्यावयाचे असते त्यांना हे शक्य नसते. त्यांनी निदान चार तासांचा एक तुकडा, उदाहरणार्थ पहाटे चार ते आठ, दररोज कायम ठेवावा. शेतावर जाण्यापूर्वी संध्याकाळी वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्यावी. आणि परत येऊन झोपताना खोली अंधारी करावी.

झटका बसला त्या क्षणी

झटका बसताच नाडी तपासू नये, दिवा लावू नये, ‘हे का झाले’ याचा शोध घेऊ नये. ‘हा निद्राझटका आहे, म्हणजे झोप दाराशी आली होती’ एवढेच मनाशी म्हणावे. कुशी बदलावी. नाकाने श्वास घेऊन त्याहून सावकाश, लांब सोडावा. असे दहा-बारा वेळा करावे. झोपण्यापूर्वी पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायूगट पाच सेकंद आवळून सैल सोडण्याची पद्धत एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केली. ती ताणलेल्या शरीरास विशेष उपयोगी पडते. जड श्रम व व्यायाम झोपेपूर्वी तीन तास आटोपावेत.

चिंता अंथरुणावर नेऊ नयेत, हे सांगणे सोपे व आचरणे कठीण. यासाठी संध्याकाळी पंधरा मिनिटे वहीत उद्याची कामे, देणी, बँकेची कागदपत्रे, बियाण्याचा हिशेब असे सारे लिहून ठेवावे व वही मिटावी. प्रश्न सुटत नाही. पण रात्री तो पुन्हा पुन्हा आठवावा लागत नाही.

आयुर्वेदात आहार व निद्रा यांची गणना शरीराच्या आधारस्तंभांत केली आहे. चरकसंहितेत झोपेसाठी अभ्यंग, स्नान व म्हशीचे दूध सुचवलेले आढळते. कोमट तेलाने तळपाय चोळणे, गरम दूध घेणे हे घरगुती उपाय निर्धोक असून मनाला उसंत देतात. नावगाव नसलेल्या पुड्या मात्र घेऊ नयेत; त्यांत काय मिसळले आहे हे घेणाऱ्यास कळत नाही. रात्री दचकतो म्हणून अंगात आल्याचे सांगून मारहाण करणे, चटके देणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

दुर्लक्ष नको

सलग झोप नसलेल्या माणसाचे लक्ष ढळते, चिडचिड वाढते, मळणीयंत्रात हात जाण्याचे वा रस्त्यावर अपघात होण्याचे भय असते. त्याहून गंभीर बाब अशी की, निद्रानाश हे नैराश्याचे लक्षण असते आणि नैराश्याला आमंत्रणही. नापिकी व कर्जाच्या ओझ्याखालील घरात कोणी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, बोलणे कमी झाले असेल, ‘आता काही राहिले नाही’ असे शब्द येत असतील, तर तो झोपेचा किरकोळ प्रश्न समजू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी मदत मागावी.

पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्राची. तेथून लाखांदूरचे ग्रामीण रुग्णालय व भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय गाठता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत मानसोपचार व समुपदेशनाची सोय असते. पुढील तपासण्यांसाठी नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व २०१८ मध्ये सुरू झालेले ‘एम्स’ आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. रात्री दोन वाजता जागा असलेल्या माणसासाठी हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

थोडक्यात

• झोप लागताना बसणारा एकटा-दुकटा झटका हा आजार नव्हे.

• दुपारी दोननंतर चहा नको, संध्याकाळनंतर खर्रा नको. झोपेसाठी दारू नकोच.

• उठण्याची वेळ एक ठेवावी. झोप नसताना अंथरुणावर पडून राहू नये.

• दुपारची झोप अर्ध्या तासाहून अधिक नको. निद्रानाश तीव्र असल्यास तीही टाळावी.

• पाय अस्वस्थ राहत असल्यास लोहाची तपासणी करून घ्यावी.

• झोपेची गोळी चिठ्ठीविना घेऊ नये आणि सुरू असलेली एकाएकी थांबवू नये.

• जीभ चावणे, भान हरपणे, श्वास अडकणे, फवारणीनंतरची स्नायूंची फडफड, जगणे नकोसे वाटणे यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

या उपचारांचा गुण एका रात्रीत येत नाही. साधारणतः चार ते आठ आठवडे लागतात. त्या काळात घरातील मंडळींनी ‘झोप आली का?’ असे दर सकाळी विचारणे टाळावे. झोप ही प्रयत्नाने ओढून आणण्याची वस्तू नाही. तिच्या वाटेतील अडथळे दूर केले की ती आपल्या पावलांनी येते.